काळ्या रानात उभा केलेला खांब पावसाळ्यात का कलतो?

जोतिबा (ता. पन्हाळा) : चैत्र यात्रेत सासनकाठी नाचताना आपण सगळ्यांनी पाहिलीय. खाली काठी पेलणारे वेगळे आणि चारी बाजूंनी दोर धरून तोल सांभाळणारे वेगळे. दोर सुटले तर काठी कलणार, हे पोरालाही कळतं. पण शेडचा खांब, सोलर पॅनेलचा डांब किंवा पुलाचा पाइल याला दोर नसतात. वारं किंवा पुराचं पाणी आडवं ढकलतं, तेव्हा त्याला धरते ती फक्त आजूबाजूची माती.

डोंगरावर मुरूम आणि तांबडी माती. खाली पंचगंगेकाठी मात्र काळी चिकण. उन्हाळ्यात ती दगडासारखी होते, पहार लागत नाही. तेव्हा खड्डा काढणाऱ्याला वाटतं, दोन फूट बास झालं. घोटाळा इथंच होतो. हीच माती जुलैत लोण्यासारखी होते. उन्हात आकसते तेव्हा खांबाभोवती फट पडते. वाऱ्यानं खांब हलत राहिला की ती फट आणखी रुंदावते, आणि वरच्या मातीचा आधार नुसता नावाला उरतो.

बेंग्ट ब्रॉम्स या स्वीडिश अभियंत्यानं १९६४ मध्ये यासाठी एक सोपा हिशेब मांडला, तो आजही वापरात आहे. चिकण मातीत खांबाच्या जाडीच्या दीडपट खोलीपर्यंतची माती हिशेबात धरायचीच नाही. म्हणजे एक फूट जाड खांब असेल तर वरचा दीड फूट सोडून द्यायचा. दोन फुटांच्या खड्ड्यात मग राहिलं काय? अर्धा फूट! त्याच्या खाली मात्र मातीच्या ताकदीच्या नऊपट दाब धरायचा. वरची माती ढकलली की उचलून फुगते. खोलवर तिला वर जायला वाट नसते, खांबाला वळसा घालूनच सरकावं लागतं. म्हणून तिथला विरोध जास्त.

आता आकडे बघा. मातीची ताकद चौरस मीटरला ५ टन आणि खांब ३० सेंटिमीटर जाड, तर खोलीच्या दर मीटरला ९ × ५ × ०.३ म्हणजे साडेतेरा टन विरोध. माती भिजून ताकद २ टनांवर आली की तोच विरोध ५.४ टन. ही मोडायची हद्द झाली. डिझाइन करताना याच्या बरंच खाली राहावं लागतं.

मग नुसतं खोल जायचं का? काही हद्दीपर्यंत हो. आखूड खांब अख्खाच कलतो : वरचं टोक वाऱ्याच्या दिशेनं जातं आणि जमिनीतला बुडखा उलट्या बाजूला सरकतो. पुरेसा लांब असेल तर कलत नाही, पण मधेच वाकतो. तिथं जास्त खोली उपयोगाची नाही, जाडी आणि सळई वाढवावी लागते.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर पावसाळ्यात दोन-तीन फूट खणून ताज्या मातीत अंगठा दाबा. सहज आत गेला तर माती मऊ. जोर लावूनही नुसता वण उठला तर घट्ट. मोठ्या कामाला हे चालणार नाही. तिथं नमुना प्रयोगशाळेत दाबून बघतात. तो नमुना एप्रिलमधला की ऑगस्टमधला, एवढं ठेकेदाराला जरूर विचारा.