मनीची सुई व घरची पाटी

मधुमेह मांजरासही जडतो, हें आमची मनी आजारी पडेपर्यंत आम्हांस ठाऊक नव्हतें. पशुवैद्यांनीं दूधभात बंद करून मांसान्न सांगितलें आणि दर १२ तासांनीं, खाणें होतांच, इन्सुलिन टोंचावयास शिकविलें. सोंवळ्याच्या घरीं तेंही स्वीकारलें. परंतु घोटाळा निराळाच झाला. एके सायंकाळीं सूनबाईंनीं टोंचलें. तें न कळून आम्हींही टोंचलें. मनी झोकांड्या खाऊं लागली. हिरड्यांस मध चोळून तिला तत्काळ वैद्यांकडे नेलें, म्हणून वांचली.

आतां टोंचतांच पाटीवर खूण होते. मात्रा एकदां चुकल्यास सहसा निभावतें, दुप्पट झाल्यास प्राणांवर बेततें. म्हणून संशय आल्यास टोंचूं नये. मांजर जेवलें नाहीं, तर वैद्यांस विचारूनच टोंचावें. माया सर्वांची असावी. सुई मात्र एकाच हातीं.