आत्मकरुणा
आत्मकरुणा म्हणजे चूक किंवा अपयशाच्या प्रसंगी स्वतःला दूषणे न देता, जिवलगाशी वागावे तशा ममतेने स्वतःशी वागणे होय. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये ही संकल्पना मांडताना तिचे तीन घटक सांगितले: स्वतःविषयी ममत्व, अपूर्णता सर्वांच्याच वाट्याला येते ही जाणीव आणि वेदनेकडे सजगपणे पाहणे. यात चूक नाकारली जात नाही.

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. आख्यायिकेनुसार, गोरोबा कुंभारांनी थापटण्याने संतांची पारख केली तेव्हा नामदेव ‘कच्चे मडके’ ठरले. दुखावलेले नामदेव पुढे याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांना शरण गेले. कच्चे मडके फुटके नसते, भाजायचे राहिलेले असते. कठोर आत्मटीकेत नेमका हाच भेद पुसला जातो. अनुत्तीर्ण विद्यार्थी ‘अभ्यास कमी पडला’ याऐवजी ‘मी नालायक आहे’ असे म्हणू लागतो. अशा वेळी मित्राला लिहावे तसे स्वतःला पत्र लिहिणे, हा आत्मकरुणेचा एक प्रचलित सराव आहे.