हर्नियाची जाळी : जखम भरली तरी लक्ष असू द्या

जांघेत गाठ आली की आपण आधी लंगोट घट्ट कसतो आणि पुन्हा पोत्याला खांदा देतो. खोकलं की गाठ वर, निजलं की आत. हाच अंतर्गळ, म्हणजे हर्निया. याला गोळी नाही, लेप नाही; ऑपरेशनच करावे लागते.

पूर्वी भोकाच्या कडा ओढून टाके घालीत. ताण बसे, कडा फाटत आणि गाठ परत येई. अमेरिकेतील डॉ. फ्रान्सिस अशर यांनी १९५८ च्या सुमारास प्लॅस्टिकच्या धाग्यांची जाळी वापरात आणली. कुडाच्या कामट्यांवर माती धरावी, तसे जाळीच्या छिद्रांतून आपलेच मांस वाढते. धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी तर मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून बसवले, कारण विकतची जाळी गरिबाला परवडेना. (म्हणून घरची मच्छरदाणी कापून दवाखान्यात नेऊ नका हो!) युगांडात ३०२ पुरुषांवर झालेली तुलना २०१६ साली प्रसिद्ध झाली, तीत अशी स्वस्त जाळी वर्षभर महाग जाळीच्या तोडीस उतरली.

पण वर्षभराचे झाले. जाळी तर जन्मभर पोटात राहायची.

बहुतेकांना काही त्रास होत नाही. काहींची जांघ मात्र तीन महिने उलटले तरी ठणकते. शीर व्रणात सापडलेली असते. ‘वातच असेल’ म्हणून तेल चोळीत बसू नका. कधी चार-पाच वर्षांनीही जुन्या व्रणावर फोड येतो, पू वाहतो, औषधाने थांबतो, पुन्हा वाहतो. जाळीत जंतू घर करून बसले, तर बहुधा ती काढावीच लागते. असा फोड पोटिसाने पिकवायचा नसतो.

पोटावरच्या हर्नियात जाळी आतड्याला चिकटण्याचा, क्वचित आतड्यात घुसण्याचाही धोका असतो. पोट फुगले, उलट्या होताहेत, वारा सरत नाही, तर सकाळची एस.टी. बघू नका, रात्रीच निघा.

हे वाचून ऑपरेशन टाळू मात्र नका. गाठ अडकून आतडे पिळले गेले तर जीवावर बेतते.

आणखी एक. जाळी बसवल्याचा कागद सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवा. पुढे कोणत्याही दवाखान्यात गेलात, की तो आधी दाखवा. नवा डॉक्टर व्रण पाहील, पण आत कोणती जाळी आहे आणि ती कधी बसवली, हे त्याला त्या कागदावरूनच कळेल.