आडव्या बाटलीचं गणित

अर्धापूरकडचं, केळीच्या बागांमधलं एखादं गाव डोळ्यांसमोर आणा. गावात देशी दारूचं दुकान आहे, परवान्याचं, सगळं रीतसर. आणि तरीही ते रीतसर दुकान गावातल्या बायका बंद करू शकतात. 2008 च्या शासन आदेशाने त्यांना तो हक्क दिला आहे.

आधी सह्या. गावातल्या महिला मतदारांपैकी 25 टक्के जणींनी मागणीवर सही-अंगठा केला की तो पडताळला जातो आणि मग सरकार गुप्त मतदान घेतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीलाही समजावून सांगावं लागत नाही. सही सगळ्या गावाला दिसते, शिक्का मात्र कुणालाच नाही. नवऱ्यालासुद्धा नाही!

खरी गंमत मोजणीत आहे. समजा यादीत 1000 बायका आहेत. 600 जणी आल्या, 450 शिक्के आडव्या बाटलीवर, 150 उभीवर. एरवी गुलाल उधळला असता. इथे मात्र दुकान चालूच राहतं, कारण निम्म्याहून जास्त मतं यादीतल्या एकूण बायकांच्या हिशेबाने लागतात. म्हणजे 501. बाळंतपणाला माहेरी गेलेली, धाकाने घरात बसलेली, प्रत्येकीचं न पडलेलं मत उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होतं.

मला हे आधी अन्यायाचं वाटायचं. आता वाटतं, आपल्याला जे वाईट वाटतं त्याचा सगळ्या गावासाठी कायदा करायचा तर उंबरठा उंचच हवा. शिवाय मतपत्रिका ‘दारू पिणं पाप आहे का’ असं विचारतच नाही. हे दुकान इथे हवं का, एवढंच विचारते, आणि विचारते कुणाला, तर ज्यांच्या घरात त्या दुकानाची झळ पोचते त्यांना.

1949 चा मुंबई दारूबंदी कायदा मात्र दुकानापाशी न थांबता थेट माणसाच्या पेल्यापर्यंत पोचला होता. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बव्हंशी उचलून धरला, पण मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं त्यातून सोडवली. महाराष्ट्रात प्यायला कागदोपत्री आजही परवाना लागतो. तो किती जणांच्या खिशात असतो ते आपण जाणतोच. चंद्रपूरच्या बायका चिमूरहून नागपूर अधिवेशनापर्यंत पायी गेल्या, 2015 मध्ये जिल्हाभर दारूबंदी मिळवली, आणि 2021 मध्ये सरकारने ती उठवली. त्यांच्या तंगडतोडीचं मला फार वाईट वाटतं. मुंबईने दिलेलं मुंबईने परत घेतलं.

आडव्या बाटलीचा निर्णय गावातच होतो, म्हणून मी तिच्या बाजूने आहे. एक मागणी मात्र आहे. मुखेड-कंधारकडच्या कितीतरी बायका दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, पण नाव गावच्या यादीतच राहतं. मतदानाची तारीख साखर कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर ठेवा, त्या घरी परतल्या की.