आकाशातून शिवारात उतरणारी उपकरणे

रब्बी ज्वारीची काढणी चालू असताना शिवारात एखादी मोठी रंगीत छत्री, तिला लांब दोर आणि दोराला अडकवलेली पेटी पडलेली दिसली, तर काय कराल? बॉम्ब समजून गावभर घबराट पसरविणे चूक आणि विळ्याने दोर कापून पेटी घरी नेणे त्याहून मोठी चूक. पाथरी तालुक्यात अशी वस्तू उतरणे अशक्य नाही. हैदराबाद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे सोडण्याचे केंद्र आहे. तेथून पाथरी हवाई अंतराने सुमारे 300 किलोमीटर असून, फुग्यांबरोबरची उपकरणे साधारणपणे 200 ते 350 किलोमीटरच्या टापूत उतरतात.

हे फुगे अतिशय पातळ पॉलिथिनचे असतात व त्यांत हायड्रोजन वायू भरतात. सोडताना फुगा फुगलेला नसतो. वरच्या टोकाला थोडा वायू आणि खाली लोंबणारे प्लॅस्टिक असे त्याचे रूप असते. त्याचे कारण असे की, 30 किलोमीटर उंचीवर हवेचा दाब जमिनीवरील दाबाच्या सुमारे शंभराव्या हिश्श्यावर येतो आणि तोच वायू प्रचंड पसरतो. वर पोहोचेपर्यंत फुग्याचा व्यास 50 मीटरच्याही पुढे जातो. विमाने 10 ते 12 किलोमीटरवरून उडतात. हा फुगा 30 ते 40 किलोमीटरवर काही तास तरंगतो. त्याला इंजिन नाही, सुकाणू नाही. खाली पूर्वेचा वारा असला तरी वर पश्चिमेचा असू शकतो. उंच ढग एका दिशेने आणि धूळ दुसऱ्या दिशेने जाताना आपण पाहतोच. म्हणून उपकरण नेमके कोणाच्या शेतात उतरेल हे आधी सांगता येत नाही. काम संपल्यावर रेडिओ संकेताने उपकरणे फुग्यापासून सोडविली जातात व पॅराशूटने खाली येतात. फाटलेला फुगा वेगळा पडतो.

या खटाटोपाचा शेतीशी काय संबंध, असे काहीजण विचारतील. 2005 साली हैदराबादहून सोडलेल्या फुग्याबरोबर सुमारे साडेचार क्विंटल वजनाचे उपकरण 20 ते 41 किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने घेऊन पॅराशूटने सुखरूप परत आले. त्या नमुन्यांतून जिवाणूंच्या तीन नवीन जाती मिळाल्याचे 2009 साली जाहीर झाले. त्यांपैकी एकीला आर्यभटांच्या नावावरून बॅसिलस आर्यभट्टाय असे नाव दिले. पुढे याच जातीचे जिवाणू मध्य भारतातील काळ्या जमिनीतही आढळले. न विरघळणारे जस्त पिकाला उपलब्ध करून देण्याच्या त्यांच्या गुणाचा सोयाबीन व गव्हावर अभ्यास झालेला आहे. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत जस्ताची कमतरता किती भेडसावते हे आपणांस सांगावयास नको. ती पेटी कोणी वाटेत फोडली असती, तर नमुन्यांत शिवारातलीच धूळ शिरली असती आणि सर्व श्रम वाया गेले असते.

पेटी दिसल्यास

पेटीला हात लावू नये. तिच्यात उच्च दाबाची वीज किंवा दाबाखालील वायू असू शकतो. मुलांना व जनावरांना दूर ठेवावे. पेटीवर पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असतो. तेथे किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे. न उघडता वस्तू कळविणाऱ्यास संस्था योग्य बक्षीस व कळविण्याचा खर्च देते. छेडछाड झालेली असल्यास बक्षीस मिळत नाही. फुग्याचे प्लॅस्टिक कडब्यात मिसळू देऊ नये, जनावराच्या पोटात गेल्यास जिवावर बेतते. फुग्यात वायू शिल्लक असल्यास जवळ बिडी-काडी पेटवू नये, कारण हायड्रोजन भडकतो. हवामान खात्याचे रबरी फुगेही कधीकधी सापडतात. त्यांची पांढरी पेटी छोटी व हलकी असते, तिची भीती बाळगण्याचे कारण नाही.

फुग्याचे उपकरण छत्रीने सावकाश उतरते. अवकाशातील भंगाराची गोष्ट मात्र निराळी आहे. 2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आकाशातून जळते तुकडे जाताना दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. परिसरात गोळेही सापडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. अग्निबाणाचा रिकामा टप्पा पृथ्वीभोवती ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेगाने फिरत असतो. विरळ हवेच्या घर्षणाने तो हळूहळू खाली येतो, बराचसा जळतो, पण कठीण धातूचे भाग उरतात. गोल टाक्यांत विषारी इंधनाचा अंश राहू शकतो, तेव्हा त्या ठोकून पाहू नयेत, भंगारवाल्याला तर मुळीच विकू नयेत.

अशा वस्तूने पीक, गोठा किंवा विहिरीचे नुकसान झाले तर तिला न हलविता तहसील कार्यालयास कळवून पंचनामा करून घ्यावा. 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवर झालेल्या अशा नुकसानीची भरपाई अग्निबाण सोडणाऱ्या देशाने द्यावयाची असते व तिची मागणी आपल्या सरकारमार्फत होते. 1978 साली सोव्हिएत संघाचा कॉसमॉस 954 हा उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने मागणी करून पुढे 30 लाख कॅनेडियन डॉलर मिळविले. पंचनाम्यात गट क्रमांक, वेळ, वस्तूचे मोजमाप आणि पिकाची अवस्था नोंदवून घ्यावी. छायाचित्र मात्र लांबूनच काढावे.