माती कुठे जाते?

मृगाचा पहिला दणकून पाऊस झाला की ओढ्याला पाणी येते. ते पाणी कसल्या रंगाचे असते? काळ्या रानाकडून आले तर काळपट. माळावरून आले तर तांबूस. पहिल्या पुरात नितळ पाणी कोणी पाहिले आहे का? नाही. आपण म्हणतो, "पाणी गढूळ आहे बुवा," आणि घरी जातो. पण गढूळ म्हणजे काय? त्या पाण्यात माती आहे. आणि ती माती कुणाच्या तरी रानातली आहे. कदाचित आपल्याच.

एक करून पाहा. काचेची एक बाटली घ्या. ओढ्याच्या पुराचे पाणी तिच्यात भरा आणि रात्रभर ओसरीत ठेवा. बाटली हलवू नका. सकाळी काय दिसेल? तळाला जाड वाळू. तिच्यावर बारीक वाळू. तिच्यावर लोण्यासारखा मऊ गाळ. वरचे पाणी अजून थोडे गढूळच असेल. जड ते आधी बसले, हलके ते मागाहून. पाणी पळत होते तोवर हे सगळे त्याच्याबरोबर पळत होते. पाणी थांबले, ओझे खाली पडले. नदीची सारी कारागिरी या बाटलीत आहे. जोरात असताना उचलायचे, थकले की टाकायचे. डोंगर, दऱ्या, मळई, वाळवंट, सगळे याच उचलण्या-टाकण्यातून घडते.

आता माती आली कुठून ते पाहू. गावात कुठे नवी विहीर खोदत असतील तर आत डोकावून पाहा. जपून बरे का! वर काळी माती दिसेल. तिच्याखाली मुरूम. त्याखाली फुटका खडक. आणि खाली अखंड काळा पाषाण, सुरुंगाशिवाय न फुटणारा. हे चार वेगळे पदार्थ नव्हेत. वरचे सारे त्या खालच्या पाषाणापासूनच झालेले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या मुलखात जमिनीला भेगा पडून तप्त रस बाहेर आला. तो थरावर थर पसरला आणि निवून त्याचा काळा पाषाण झाला. पुढे ऊन, पाऊस आणि झाडांची मुळे यांनी तो पाषाण झिजवला. त्याचा मुरूम झाला, मुरमाची माती झाली. बोटभर जाडीची माती व्हायला शेकडो वर्षे लागतात. जायला एक वादळी संध्याकाळ पुरते.

ती जाते कशी? सुरुवात थेंबापासून होते. पावसाळ्यात घराच्या भिंतीकडे बघा. खाली हातभर उंचीपर्यंत चिखलाचे शिंतोडे उडालेले असतात. तो चिखल कुणी फेकला? पावसाच्या थेंबाने. थेंब उघड्या जमिनीवर आपटतो, ढेकूळ फोडतो, मातीचा कण उडवतो. मग पाणी वाहू लागते आणि सुटे झालेले कण घेऊन जाते. आधी साऱ्या रानावरून पातळ पापुद्रा जातो. तो डोळ्यांना दिसतही नाही. मग बोटाएवढ्या ओघळी पडतात. कुळवाची एक पाळी दिली की त्या बुजतात, आणि आपल्याला वाटते, काही गेलेच नाही. पुढे ओघळीची घळ होते. घळीत बैल उतरत नाही, तेव्हा कुठे आपण जागे होतो.

पापुद्र्याचा हिशेब करू या. एक एकर रान. त्यावरून फक्त एक मिलिमीटर माती गेली. म्हणजे रुपयाच्या नाण्याहूनही पातळ थर. किती माती झाली? जवळजवळ दीड ब्रास! मुरमाचा भाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना दीड ब्रास म्हणजे काय ते सांगायला नको. आणि ही तर वरची, खतावलेली माती.

आपल्या सोलापूरकडे ही गोष्ट जास्त जिवावर येते. का? इकडे पाऊस थोडा. साऱ्या वर्षाचा मिळून पाचशे-सहाशे मिलिमीटर. त्यातला पुष्कळसा भाद्रपद-आश्विनात पडतो, आणि तोही दणक्याने. आपले मोठे पीक शाळूचे. मंगळवेढ्याची ज्वारी आणि मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेली मालदांडी कुणाला ठाऊक नाही? शाळू पेरतो तेव्हा पाऊस संपत आलेला असतो. मग ते पीक चार महिने कशावर जगते? मातीत मुरलेल्या ओलीवर. काळी माती म्हणजे आपली पाण्याची टाकी. तीन हात माती असेल तर टाकी मोठी. हातभरच उरली तर टाकी लहान, आणि पीक पोटरीत येण्याआधीच वाळते. तेव्हा माती गेली म्हणजे पुढच्या साली पडणारे पाणी ठेवायची जागाच गेली. शिवाय शाळूचे रान आपण पावसाळाभर उघडे ठेवतो. नेमके तेव्हाच थेंब आपटतात.

आता ओढ्याबरोबर नदीकडे जाऊ. आपली भीमा भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावते. तिथून पश्चिमेचा समुद्र शंभर किलोमीटरच्याही आत आहे. पण मुलखाचा उतार पूर्वेकडे, म्हणून भीमा इकडे येते. ८६१ किलोमीटर चालून ती रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी शेवटी पूर्वेच्या समुद्राला जाते. डोंगरात उतार खडा, पाणी धावते, मोठे धोंडे ढकलते. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते दुप्पट नव्हे, चौसष्ट पट वजनाचा धोंडा हलवू शकते, असा जाणत्यांचा हिशेब आहे. म्हणून महापुरात पुलाचे दगड हलतात याचे नवल नाही.

आपल्याकडे येईतो उतार मंदावतो. नदी सापासारखी वळणे घेते. वळणावर काय होते? बाहेरच्या काठाला पाणी जोराने घासते, तो काठ खातो. आतल्या काठाला पाणी हळू, तिथे वाळू टाकते. एकाचे रान तुटते आणि समोरच्याची मळई वाढते. काठच्या गावांत यावरून किती भांडणे झाली असतील, कुणास ठाऊक! पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. वारकरी ज्या वाळवंटात उतरतात ती वाळूही नदीने वाहून आणून टाकलेली आहे.

काठ कधी ढासळतो? पूर चढताना? नाही. बहुधा पूर उतरताना. पूर असतो तोवर काठाची माती पाणी पिऊन जड होते, पण नदीचे पाणी तिला बाहेरून टेकू देत असते. पूर झटकन उतरला की टेकू गेला. जड ओला काठ धप्पकन खाली येतो. म्हणून पूर ओसरल्यावर काठाच्या टोकाशी उभे राहू नये, गुरे बांधू नयेत. वाळूचेही तसेच. पात्रातली वाळू बेसुमार उपसली की पात्र खोल जाते, काठाचा पायाच उघडा पडतो. मग काठ उभा राहील कशावर?

इथवर पाण्याने माती वाहून नेली. पण कधी कधी जमीन स्वतःच्याच वजनाने खाली येते. मुरमाच्या ढिगाचा पाया कुदळीने उकरला तर वरचा मुरूम आपोआप घसरतो, हे सगळ्यांनी पाहिले आहे. न बांधलेली विहीर पावसात ढासळते, तेही हेच. आपल्या सपाट मुलखात हे एवढ्यावरच थांबते. सह्याद्रीत थांबत नाही.

३० जुलै २०१४. पुणे जिल्ह्यातले आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव. डोंगराच्या कुशीतले, आदिवासी शेतकऱ्यांचे. पाऊस कोसळत होता. सकाळी डोंगराची कूस सुटली आणि चिखल, दगड, झाडे सारे गावावर आले. दीडशेहून अधिक माणसे गेली. बाहेरच्या जगाला कळले कसे? नेहमीची एस.टी. आली. चालकाने समोर पाहिले तर गावच नव्हते.

हे घडले कसे? उतार खडा होता. पाषाणावर मऊ, झिजलेल्या मातीचा जाड थर होता. पाऊस त्यात मुरत गेला. माती जड झाली आणि पाण्यामुळे तिची खडकावरची पकडही सुटली. उतार तोडून जमीन सपाट केली होती, त्यानेही भर पडली असे पाहणी करणाऱ्यांनी म्हटले. २०२१ मध्ये रायगडमधल्या तळियेला आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडीला असाच घाला पडला. डोंगर बहुधा आधी सूचना देतो. उताराला भेग पडते. झाडे, खांब कलतात. नसलेला झरा फुटतो, किंवा असलेला एकाएकी गढूळ होतो. घाटाकडे तुमची लेक दिली असेल, पाहुणे असतील, तर त्यांना एवढे जरूर सांगा. भर पावसात असे दिसले की भांडीकुंडी न पाहता घर सोडावे.

माळीण आपल्यापासून लांब, असे वाटते ना? पण माळीण घोड नदीच्या खोऱ्यात आहे, आणि घोड भीमेला मिळते. तिकडच्या डोंगराची झीज भीमेच्याच वाटेने निघते. वाटेत डिंभे धरण आहे, मग आपले उजनी. १९८० मध्ये पुरे झालेले उजनी धरण ११७ टी.एम.सी.चे. पण धरण म्हणजे तीच आपली बाटली! पाणी थांबले की गाळ बसायचाच. जेवढा गाळ, तेवढी पाण्याची जागा कमी.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला. करमाळा, माढा, मोहोळ, दक्षिण सोलापूर, सगळीकडे काठची गावे पाण्यात गेली. दुष्काळी म्हणून जिचे नाव, ती नदी घरांत शिरली. पाणी उतरले तेव्हा लोकांनी पिकाआधी जमिनीकडे पाहिले. कुठे माती खरडून गेली होती, खालचा मुरूम उघडा पडला होता. कुठे उभ्या पिकावर वाळू आणि गोटे पसरले होते. पीक पुढच्या साली येईल. माती कुठून आणायची? सरकारने खरडलेल्या जमिनीसाठी वेगळी मदत जाहीर केली, ती याचसाठी.

मग करायचे काय? महापुरापुढे आपण थोडे. पण आपल्या रानातला पापुद्रा अडवणे आपल्या हातात आहे. सोलापुरात १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले ते याच विचाराने. उताराला आडवी नांगरट, आडवी पेरणी, आडवे बांध. १९७२ च्या दुष्काळात हजारो हातांनी बांध घातले, खडी फोडली. म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती सांगतील.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. हलक्या, मुरमाड रानात समपातळीचा बांध छान. खोल काळ्या रानात तोच बांध दगा देतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, बांधालाही भेगा पडतात. पुढे पाणी तुंबते, पीक पिवळे पडते, आणि एका रात्री बांध फुटून घळच पडते. अशा रानात बांधाला किंचित उतार द्यावा आणि जादा पाणी दगडी सांडव्यातून गवताच्या वाटेने सोडावे. बांधावर गवत असू द्यावे. ते उकरून बांध कोरत कोरत दोन तास जमीन वाढवणारे लोक आहेत. त्यांना पहिल्या पावसात काय मिळते ते आपण पाहतोच.

आणि गेलेली माती? तिच्यातली काही गावच्या तळ्यात बसलेली असते. उन्हाळ्यात तळे आटले की तो गाळ ट्रॉलीने काढून हलक्या रानात पसरता येतो. २०१७ पासून त्यासाठी सरकारी योजनाही आहे. ग्रामपंचायतीत विचारावे. गाळ एकदम ढिगाने टाकू नये, पातळ पसरावा आणि कुळवाने मुरमात मिसळावा. बाकीची माती मात्र सीनेबरोबर हत्तरसंग-कुडलला भीमेत जाते. तिथून कर्नाटकात, मग कृष्णेत. पूर्वेच्या समुद्राजवळ कृष्णेने अशाच गाळाचा सपाट मुलूख तयार केला आहे. तिथे भाताचे मोठे पीक निघते.