घराचा ताबा मिळाला, कॅमेऱ्यांचा?

रिसेलचं रो-हाउस किंवा बंगला घेतला की किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर बऱ्याच गोष्टी आपसूक पदरात पडतात. गीझर, पडद्यांचे रॉड, गच्चीवरचा सोलर आणि हल्ली जवळपास हमखास चार-सहा कॅमेरे. गीझरचं बटण दाबलं की काम होतं. कॅमेरे मात्र पासवर्ड मागतात, आणि तो जुन्या मालकाला आठवत नसतो. "तो सीसीटीव्हीवाल्यानंच टाकला होता, त्याचा नंबर बघून सांगतो," एवढ्यावर बोलणं संपतं.

मग बहुतेक जण नव्या राउटरची वायर माळ्यावरच्या डीव्हीआरला, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या डब्याला, जोडतात, मोबाइलवर ॲप उतरवतात आणि खटपट सुरू करतात. नेमकं हेच आधी करू नये. जुना मालक ज्या खात्यातून कॅमेरे बघायचा, त्या खात्याशी हे यंत्र कंपनीच्या सर्व्हरवर जोडलेलं असतं. त्याच्या जुन्या इंटरनेट कनेक्शनशी या जोडणीचा संबंध नसतो. त्याचं कनेक्शन बंद झालं तेव्हा त्याच्या ॲपमध्ये फक्त 'ऑफलाइन' अशी अक्षरं आली. तुम्ही तुमची वायर लावलीत की ती जाऊन पुन्हा 'ऑनलाइन' येतं आणि तुमचं अंगण, तुमचा जिना त्याच्या फोनवर दिसू लागतो. त्याच्या मनात काही असो वा नसो, यंत्राला मालक बदलल्याचं कुणी सांगितलेलंच नाही. तेव्हा पहिलं काम म्हणजे इंटरनेटची वायर काढून ठेवायची. विजेची राहू द्या.

दुसरं काम पासवर्डशी झटापट करण्याचं नाही, पासवर्ड आहे कुठे ते बघण्याचं. तो तीन ठिकाणी असू शकतो: डीव्हीआरच्या डब्यात, प्रत्येक कॅमेऱ्याच्या आत किंवा कंपनीच्या सर्व्हरवर. कुठे आहे ते वायर बघून कळतं. डब्याच्या मागे धातूचे गोल, पिळून बसवायचे कनेक्टर असतील (सीसीटीव्हीवाले त्यांना बीएनसी म्हणतात) तर ती ॲनालॉग यंत्रणा. संगणकाच्या नेटवर्कसारख्या चौकोनी, खटका असलेल्या पिना असतील तर कॅमेरे आयपी जातीचे आणि डबा एनव्हीआर. आणि कुठेच डबा नसून कॅमेऱ्याला नुसता ॲडॉप्टर लावलेला असेल, तर तो वाय-फाय कॅमेरा.

ॲनालॉग निघाला तर नशीब चांगलं म्हणायचं. या कॅमेऱ्याला ना स्मरणशक्ती ना पासवर्ड; बारा व्होल्ट मिळाले की तो चित्र पाठवतो, कुणाला ते विचारत नाही. सगळा अडसर त्या एका डब्यात. तो उघडलाच नाही तर डीव्हीआर बदलायचा. कॅमेरे आणि भिंतीतल्या वायरी तशाच चालतात. घेताना एवढंच विचारावं की जुने कॅमेरे टीव्हीआय, सीव्हीआय की एएचडी, कोणत्या पद्धतीचे आहेत आणि नवा डीव्हीआर ती पद्धत ओळखतो का. आताचे बरेचसे सगळ्याच ओळखतात. पाच-सात वर्षं जुना, पंखा घरघरणारा डीव्हीआर असेल तर त्याच्यापाठी आठवडा घालवण्यापेक्षा तो बदलावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आयपी कॅमेऱ्यांचं तसं नाही. तिथे प्रत्येक कॅमेरा म्हणजे छोटा संगणकच, त्याला स्वतःचा पत्ता आणि स्वतःचा पासवर्ड. नवा एनव्हीआर आणून लावलात तर तो कॅमेरे शोधून काढेल, यादीत दाखवेलही, पण चित्राच्या जागी पासवर्ड चुकल्याचा संदेश येईल. इथे प्रत्येक कॅमेरा सोडवावा लागतो.

आता प्रत्यक्ष डब्याकडे वळू. डीव्हीआर असो वा एनव्हीआर, मोबाइल बाजूला ठेवा. डब्याला एचडीएमआय वायरने टीव्ही जोडा आणि यूएसबीचा साधा माउस लावा. पडद्यावर नऊ ठिपक्यांचा पॅटर्न किंवा पासवर्डची चौकट येईल. जुन्या मालकाला पॅटर्न आठवत असेल तर आत शिरता येतं, पण सेटिंग बदलायला बहुधा पासवर्ड लागतोच. अंदाजपंचे पासवर्ड टाकत बसू नका. काही प्रयत्न चुकले की खातं अर्ध्या तासासाठी वगैरे बंद होतं आणि तोवर बरोबर पासवर्डही चालत नाही.

त्याच चौकटीत 'फरगॉट पासवर्ड' असतं. त्यात डबा सुरू करताना नोंदवलेले सुरक्षा-प्रश्न विचारले जातात, किंवा ई-मेलवर कोड पाठवण्यासाठी क्यूआर दाखवला जातो. अडचण अशी की तो ई-मेल बहुतेक वेळा मालकाचा नसतोच. कॅमेरे लावायला आलेल्या माणसाने घाईत स्वतःचा टाकलेला असतो. त्याचा माग काढायला फार लांब जावं लागत नाही: डब्याच्या वरच्या पत्र्यावर, कॅमेऱ्यांना वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर किंवा फाटकावरच्या 'आपण कॅमेऱ्याच्या निगराणीखाली आहात' या पाटीखाली त्याच्या दुकानाचं स्टिकर आणि नंबर असतो. एक फोन आणि एक व्हिजिट, इतक्यात निम्म्या घरांचा प्रश्न मिटावा.

तो सापडला नाही तर कंपनीचा रस्ता. हिकव्हिजनची यंत्रं शोधायला 'सॅडप' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, दाहुआचं 'कॉन्फिगटूल'. लॅपटॉप आणि डबा एकाच नेटवर्कवर ठेवून ते चालवलं की यंत्राचा पत्ता आणि सीरियल नंबर दिसतो. हिकव्हिजनच्या बाबतीत तिथूनच एक फाइल काढून कंपनीच्या मदत-विभागाकडे पाठवायची. उत्तरात आलेल्या फाइलने किंवा कोडने नवा पासवर्ड टाकता येतो. मधल्या काळात डबा बंद करून पुन्हा सुरू करू नका, नाहीतर पाठवलेली फाइल बाद होते आणि सगळं पहिल्यापासून. त्या दिवसांत लोडशेडिंगची शक्यता असेल तर डबा इन्व्हर्टरवर घ्या. फाइलबरोबर यंत्रावरच्या लेबलचा फोटो आणि मालकीचा पुरावा मागितला जातो. जुनं बिल नसेल तर घराच्या कागदांची प्रत जोडून बघावी.

खूप जुन्या डब्यांत कोड तारखेवरून ठरतो, आणि ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरची नसते, डब्याच्या पडद्यावरची असते. आतली बटणाएवढी बॅटरी संपलेली असेल तर तिथे १ जानेवारी २००० सारखं काहीतरी दिसतं. तेच कळवायचं. ही बॅटरी काढली की पासवर्ड पुसला जातो असं सांगणारे पुष्कळ भेटतात. काही जुन्या मॉडेलांत ते खरंही होतं. आता पासवर्ड फ्लॅश मेमरीत राहतो, त्याला बॅटरीशी देणंघेणं नसतं. काही यंत्रांत सर्किटवर किंवा कॅमेऱ्याच्या झाकणाखाली रिसेटचं बारीक बटण असतं, ते मात्र उपयोगी पडतं.

इथे बरेच जण आणखी एका ठिकाणी अडकतात. लॅपटॉप नव्या राउटरला जोडलेला, डबाही त्याच राउटरला, तरी ब्राउझरमध्ये डबा उघडत नाही. वायर खराब नसते, आकडे जुळत नसतात. जिओफायबरच्या राउटरचा पत्ता सहसा १९२.१६८.२९.१ असतो आणि तो घरातल्या सगळ्यांना २९च्या घरातलेच पत्ते वाटतो. हिकव्हिजनचे कॅमेरे कारखान्यातून १९२.१६८.१.६४ वर येतात, दाहुआचे १९२.१६८.१.१०८ वर, आणि जुन्या सीसीटीव्हीवाल्याने तो पत्ता तसाच कायम केलेला असतो. एकाचा तिसरा आकडा २९, दुसऱ्याचा १. दोघे एकाच वायरीवर असून एकमेकांशी बोलत नाहीत. उपाय सोपा आहे. राउटर बाजूला काढा, लॅपटॉप थेट डब्याला नेटवर्क केबलने जोडा, लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये हाताने १९२.१६८.१.५० असा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० असा सबनेट मास्क भरा. आता ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता टाकला की लॉगिनची चौकट येते. यात इंटरनेट कुठेच लागलं नाही, हा जादा फायदा.

वाय-फाय कॅमेऱ्याचं रिसेट सोपं: मागचं किंवा कार्डच्या खाचेजवळचं बटण काही सेकंद दाबून धरलं की दिवा लुकलुकतो आणि तो नव्या वाय-फायसाठी तयार होतो. पण काही कंपन्यांच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. ॲप म्हणतं, हे यंत्र आधीच दुसऱ्या खात्यात आहे. ती नोंद सर्व्हरवर असते. जुन्या मालकाने त्याच्या ॲपमधून 'डिलीट' किंवा 'अनबाइंड' करेपर्यंत बटण कितीही दाबा. हीच नोंद डीव्हीआरचीही असू शकते, म्हणून पासवर्ड मिळाला तरी हे काम उरतंच.

शेतघर घेतलं असेल तर आणखी एक जात बघायला मिळते: खांबावरचा सोलर पॅनेलचा, सिमकार्डवर चालणारा ४जी कॅमेरा. त्याला तुमच्या इंटरनेटची गरजच नाही. जुन्या मालकाचं सिम आणि रिचार्ज चालू आहे तोवर तो त्याला चित्र पाठवत राहणार. सिम काढून त्याला परत करा, मग पुढचं.

आत शिरलात की पासवर्ड बदलून थांबू नका. 'युजर' यादी उघडा. तिथे सीसीटीव्हीवाल्याने स्वतःसाठी ठेवलेलं दुसरं खातं सापडू शकतं, ते काढा. रिकव्हरीचा ई-मेल स्वतःचा भरा. कंपनीच्या क्लाउडचं जोडणं सुरुवातीला बंदच ठेवा, जुनी नोंद सुटल्याची खात्री झाल्यावर स्वतःच्या खात्यात घ्या. पासवर्ड 'ॲडमिन १२३' थाटाचा नको. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातले पासवर्ड तसेच ठेवलेले हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांचाच मारा करून अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या होत्या.

हार्डडिस्कवर जुन्या मालकाच्या घरातलं चित्रण असणार. ते बघत बसू नये. त्याला काही हवं असेल तर पेनड्राइव्हवर द्यावं आणि डिस्क मेनूमधूनच फॉरमॅट करावी. किती दिवसांचं चित्रण राहील याचा हिशेब सोपा आहे: २ मेगाबिटच्या वेगाने एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ जीबी खातो, चार कॅमेरे ८६ जीबीच्या आसपास, म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर अकरा-बारा दिवस. डबा सतत बीप करत असेल तर बहुधा डिस्कच मेलेली आहे.

नवं काही घ्यायची वेळ आलीच तर एसटीक्यूसी प्रमाणपत्र बघून घ्या. एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांना सुरक्षेची ही चाचणी सक्तीची झाली आहे. आणि फ्लॅट घेतला असेल तर जिन्यातले, पार्किंगमधले कॅमेरे सोसायटीचे असतात. त्यांना हात लावू नका, सेक्रेटरींना विचारा.

ज्यांचा ताबा अजून व्हायचा आहे त्यांनी हे सगळं दहा मिनिटांत उरकून घ्यावं. शेवटचा चेक देण्याआधी जुन्या मालकाला डब्यासमोर उभं करा, त्याच्या ॲपमधून यंत्र काढायला सांगा, पासवर्ड त्याच्यासमोर बदला आणि ताबा पावतीत कॅमेऱ्यांची संख्या, डब्याचं मॉडेल व सीरियल नंबर लिहून दोघांनी सह्या करा.